न घेतलेली वस्तू कुणाला दिसत नाही

ओंजळ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. गेल्या वर्षी मी ठरवलं की बारा महिने स्वतःसाठी नवी वस्तू घ्यायची नाही. औषधं, खाणंपिणं आणि दुरुस्तीपलीकडे गेलेल्या वस्तूची बदली, एवढीच सूट. पैशांची अडचण नव्हती. खनिजं, इंधन, लाकूड, पिकं, वाळू असं जे जे माणूस दरवर्षी निसर्गातून उचलतो, त्याचं एकूण वजन १९७० पासून तिपटीहून जास्त झालंय हे वाचलं आणि त्या रात्री कपाट उघडल्यावर पूर्वीसारखं वाटेना. पुढे हेही वाचनात आलं की जगभरच्या हरितगृह वायूंपैकी ६० टक्क्यांहून मोठा वाटा शेवटी घराघरांतल्या वापराशी जाऊन भिडतो (२०१६ चा अभ्यास आहे). त्या आकड्याचं एक टोक माझ्या कपाटात होतं.

पहिले दोन महिने फार हलके गेले. चौथ्या महिन्यात मात्र काहीतरी बिनसलं. मोह वाढला म्हणावं तर तसं नव्हतं. एकटं वाटायला लागलं. त्याच सुमारास माझ्या एका मैत्रिणीने बांबूचे ब्रश, स्टीलची बाटली, सेंद्रिय कापसाच्या पिशव्या असा सगळा संच मागवला. तिचं कौतुक झालं, फोटो पाहिले गेले, चौघींनी कुठून घेतलं म्हणून विचारलं. माझा तिच्यावर राग नाही, तिची तळमळ खरी आहे. पण माझ्याकडे दाखवायला काय होतं? न घेतलेला कोट? न मागवलेले बूट? न घेतलेली वस्तू कुणालाच दिसत नाही, आणि काही दिवसांनी ती मलाही दिसेनाशी झाली.

मग शोधताना ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१९ चा एक अभ्यास सापडला. ९६८ तरुण-तरुणींना त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पुढे काही वर्षं वेळोवेळी प्रश्न विचारले. वस्तूंची ओढ असलेली मुलं 'हिरव्या' वस्तू घ्यायला तयार होती, एकूण खरेदी कमी करायला मात्र नाही. आणि ज्यांनी खरेदी कमी केली त्यांचं मन त्यातल्या त्यात स्वस्थ होतं, मानसिक ताणही कमी होता. हिरव्या खरेदीचा असा काही संबंध दिसला नाही.

हे वाचून धीर आला, पण कोडं सुटलं नाही. कमी घेणारा माणूस स्वस्थ असतो, तर मग कमी घेणं इतकं अवघड का? आणि ज्यांना ते जमतं त्यांना आतून कशाचा आधार असतो? इथे कुणी वर्षानुवर्षं असं जगत असेल, किंवा या विषयाचा अभ्यास असेल, तर कृपया सविस्तर लिहा.

दगडफूल

चांगला धागा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला वाटतं अगदी मुळाशी आहे: 'काढून टाकणे' हा पर्याय माणसाला सुचतच नाही.

२०२१ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात यावर एक लेख आला होता. त्यातला एक प्रयोग असा. लेगोच्या ठोकळ्यांचं एक छप्पर, कोपऱ्यात एकाच ठोकळ्यावर तोललेलं. खाली एक बाहुली. छप्पर भक्कम करा, त्याने वजन पेललं पाहिजे, बक्षीस मिळेल. मात्र प्रत्येक नव्या ठोकळ्यामागे बक्षिसातून थोडे पैसे कापले जातील. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तो कोपऱ्यातला एकुलता एक ठोकळा काढायचा, छप्पर खालच्या रुंद भागावर आपोआप बसतं. हे ४१ टक्के लोकांनी केलं. दुसऱ्या गटाला तीच सूचना, फक्त एक वाक्य जास्त: ठोकळे काढायला काही पैसे पडत नाहीत. तिथे ६१ टक्क्यांनी काढला. म्हणजे लोकांना काढायचं नव्हतं असं नाही, ते डोक्यात आलंच नव्हतं.

आता हेच 'पर्यावरणासाठी मी काय करू' या प्रश्नाला लावून बघा. प्रश्नातच 'करू' आहे. उत्तर म्हणून मन काहीतरी भर घालायला धावतं: नवी पिशवी, नवी बाटली, नवं यंत्र. जुनीच बाटली वापरत राहणं हे 'करणं' वाटत नाही. तुमच्या मैत्रिणीने जे केलं ते अगदी स्वाभाविक आहे.

शून्यप्रहर

धागाकर्तीबद्दल पूर्ण आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

सगळं ओझं खरेदी करणाऱ्याच्या मनावर टाकणं मला पटत नाही. १९२४ साली जगातल्या बड्या बल्ब उत्पादकांनी एकत्र येऊन फीबस नावाचा गट केला आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणून ठेवलं. त्याआधी जास्त टिकणारे बल्ब निघत होते. ज्याचा बल्ब जास्त चालला त्या कारखान्याला दंड होता. यात ग्राहकाच्या मानसिकतेचा काय दोष? आणि 'तुमचा कार्बन फूटप्रिंट मोजा' (म्हणजे तुमच्या जगण्यातून किती उत्सर्जन होतं ते मोजा) हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचवण्यात २००० च्या दशकात एका मोठ्या तेल कंपनीच्या, बीपीच्या, जाहिरातींचा मोठा हात होता. माणूस स्वतःचं कपाट मोजत बसला की तेलाच्या विहिरीकडे त्याचं लक्ष जात नाही.

आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, २०२२ च्या अहवालात आहे की सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या १० टक्के घरांकडे घरगुती वापरातल्या उत्सर्जनाचा ३४ ते ४५ टक्के वाटा जातो. मग कोट न घेतल्याची हळहळ आपण का करायची?

ओंजळ

शून्यप्रहर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि तरीही ते मला लागू होतंच. जगाच्या हिशेबात त्या १० टक्क्यांत मी नसेनच असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि त्याच अहवालाच्या मागणीवरच्या प्रकरणात हेही आहे की लोकांच्या वापराच्या बाजूने बदल झाले तर २०५० पर्यंत उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांनी खाली येऊ शकतं. अर्थात तिथे एकट्यादुकट्याच्या निग्रहाबरोबर सोयी, धोरणं, तंत्र हे सगळं धरलंय, हे कबूल.

अनुस्वार

समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे जरा लांबेल.

ओंजळ, चौथ्या महिन्यात जे झालं त्याकडे मी असं बघते. खरेदी फक्त वस्तूसाठी नसते. उदास माणूस एखाद्या वस्तूसाठी जास्त पैसे मोजायला तयार होतो हे २००४ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. २०१४ साली दुसऱ्या एका गटाने विचारलं की मग त्याने उदासी जाते का? तर हो, थोडी जाते. ज्यांनी वस्तू निवडल्या त्यांची उदासी नुसत्या वस्तू चाळणाऱ्यांपेक्षा जास्त ओसरली. संशोधकांनी दिलेलं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं: दुःखात आपल्या हातात काही नाही असं वाटत असतं, आणि निवड केली की काहीतरी आपल्या हातात आलं असं वाटतं.

म्हणजे खरेदी सोडताना आपण वस्तूबरोबर तो हातात काही असल्याचा भावही सोडतो. त्याची जागा कशाने भरायची याचा विचार आधी झालेला नसतो. माझ्याकडे येणाऱ्या लोकांत मी हे बघते. निश्चय वस्तूंबद्दल केलेला असतो आणि तुटतो तो एखाद्या भांडणानंतरच्या संध्याकाळी.

डेसी आणि रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या कामातून मांडलंय की माणसाला तीन गोष्टींची मुळातून गरज असते: आपण ठरवतोय हा भाव, आपल्याला जमतंय हा भाव, आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. 'मी घेऊ नये, घेतलं तर मी वाईट' या धाकाने न घेणाऱ्याच्या वाट्याला पहिली गोष्ट येत नाही. तो स्वतःचाच शिपाई होतो. काही काळ चालतं, मग थकवा येतो. 'मला असं जगायचंय' म्हणून न घेणाऱ्याला राखण करावी लागत नाही.

रिचर्ड ग्रेग नावाचे अमेरिकन गृहस्थ होते. १९३६ साली 'स्वेच्छेने साधेपणा' या अर्थाचा शब्दप्रयोग त्यांनी रूढ केला. ते गांधीजींच्या सहवासात राहिले होते. एकदा त्यांनी गांधीजींना सांगितलं की बाकी सगळं सोडणं जमतंय, पुस्तकं मात्र सोडवत नाहीत. त्यावर गांधीजींचा सल्ला असा होता की मग सोडू नका. ज्यातून आतला आधार मिळतो ते ठेवा, त्याग म्हणून किंवा कर्तव्य म्हणून सोडलंत तर ते मनात परत परत येऊन त्रास देईल. मी हे कितीतरी जणांना सांगितलंय.

२००५ साली ब्राउन आणि कॅसर यांनी उत्तर अमेरिकेतली स्वेच्छेने साधं राहणारी २०० माणसं आणि त्यांच्याशी मिळतीजुळती २०० इतर माणसं यांची तुलना केली. साधी राहणारी जास्त समाधानी होती आणि निसर्गाला त्यांचा भारही कमी होता. या दोन्हींच्या मुळाशी काय सापडलं, तर आपल्या दिवसाकडे असलेलं लक्ष आणि पैसा-प्रतिष्ठेपेक्षा नाती, स्वतःची वाढ, समाज यांना दिलेलं मोल. म्हणजे 'वस्तू सोडल्या म्हणून सुखी' इतकं सरळ ते नाही. आधी काहीतरी धरलेलं होतं म्हणून वस्तू सुटल्या, असं मला वाटतं.

भिंगरी

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी तीन बहिणींत धाकटी. पंधरा वर्षांची होईपर्यंत माझ्या अंगाला नवं कापड लागलं नव्हतं. बूट मोठ्या बहिणीचे, पुढे कापूस कोंबलेले. त्याला कुणी साधेपणा म्हणत नव्हतं. पहिल्या पगारातून मी नवे बूट घेतले तेव्हा दुकानातून बाहेर येऊन मी कडेला उभी राहून रडले होते. आजही नवी वस्तू घरी आणते तेव्हा ती पंधरा वर्षांची मुलगी माझ्याबरोबर खोका उघडते.

तर 'कमी घ्या' हे ऐकलं की मला सगळ्यात आधी वाटतं की आत्ता कुठे माझी पाळी आली होती. निसर्गाबद्दल मला काही वाटत नाही असं कृपया समजू नका. पण माझ्यासारखीला हे वाक्य दार परत लावून घेतल्यासारखं वाटतं. इथली चर्चा चांगली आहे, तिच्यात ही बाजू नव्हती म्हणून लिहिलं.

ओंजळ

भिंगरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या मूळ लिखाणात 'पैशांची अडचण नव्हती' हे वाक्य मी सहज टाकून पुढे गेले होते. खरं तर सगळा धागा त्या वाक्यावर उभा आहे. लिहिलंत हे फार बरं केलंत.

दगडफूल

भिंगरी, तुम्ही ज्यावर बोट ठेवलंय ते अभ्यासकांनीही वेगळं काढलंय. नाइलाजाने कमी असणं आणि निवडून कमी घेणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, आतून अगदी उलट आहेत. समाजशास्त्रज्ञ अमिताई एत्झिओनी यांनी १९९८ च्या लेखात स्वेच्छेने साधं राहणाऱ्यांचे तीन स्तर सांगितले: थोडंसं आवरतं घेणारे, चांगली कमाई सोडून कमीत राहणारे, आणि सगळं आयुष्यच त्याभोवती रचणारे. तिघांमध्ये एक गोष्ट समान, त्यांच्या मूलभूत गरजा आधी भागलेल्या होत्या. ज्याला घेता येतं त्यालाच 'न घेणं' निवडता येतं. त्यामुळे 'कमी घ्या' हे वाक्य सगळ्यांना सरसकट सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आपल्याकडे या बाबतीत शब्दही एकमेकांत मिसळलेत. अंथरूण पाहून पाय पसरणं ही काटकसर झाली. तिथे प्रश्न अंथरुणाच्या लांबीचा आहे. अंथरूण लांबरुंद असूनही पाय आखडते घेणाऱ्याला आपण चटकन कंजूष म्हणतो, कारण त्याच्यासाठी आपल्याकडे रोजच्या वापरातला चांगला शब्द नाही. लोकांना कंजूष म्हणवून घ्यायची भीती फार असते.

ओंजळ, तुमच्या 'दिसत नाही'चा धागा इथेच जुळतो. २०१० चा एक प्रयोग आहे. लोकांच्या मनात आधी प्रतिष्ठेचा विचार जागा केला आणि मग चैनीची वस्तू की पर्यावरणपूरक वस्तू असं विचारलं. चारचौघांत खरेदी करायची असेल तर हिरव्या वस्तूकडे कल वाढला, एकट्याने घरबसल्या करायची असेल तर चैनीकडे. आणि हिरवी वस्तू महाग असताना हा परिणाम दिसला, स्वस्त असताना नाही. मला परवडतं आणि मी सगळ्यांचा विचार करतो, असं एकाच वस्तूतून सांगता येतं. न घेण्यातून हे सांगता येत नाही. उलट लोकांना वाटू शकतं की याला परवडत नसेल.

सांदीकोपरा

मी सहा वर्षं प्रयत्न करतोय. तीनदा घसरलो. तेच लिहितो, कुणाला उपयोग झाला तर.

पहिल्यांदा घसरलो ते फोनमुळे. जुना चांगला चालत होता. नवा घेतला, मग त्याला कव्हर, मग वेगळं चार्जर, मग जुने इअरफोन त्याला लागेनात म्हणून नवे. अठराव्या शतकात दिदेरो या फ्रेंच लेखकाने नव्या झग्याबद्दल अगदी हेच लिहून ठेवलंय: झगा इतका देखणा की त्याच्यापुढे जुनी खुर्ची, जुनं मेज खटकायला लागलं आणि एकेक करून सगळं बदललं गेलं. १९८८ साली मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी या साखळीला त्याचंच नाव दिलं. मला हे आधी माहीत असतं तर फोनच्या वेळी थांबलो असतो की नाही सांगता येत नाही, पण कव्हरपाशी नक्की थांबलो असतो. आता मी पहिल्या वस्तूपेक्षा दुसऱ्या वस्तूवर जास्त लक्ष ठेवतो.

दुसऱ्यांदा, 'फक्त २ शिल्लक' या पाटीने. १९७५ चा एक प्रयोग आहे, बरणीत १० बिस्किटं आणि बरणीत २ बिस्किटं. बिस्किटं तीच, तरी २ वाली लोकांना जास्त हवीशी वाटली. विकणाऱ्यांनी हे कधीच हेरलंय. त्यानंतर मी फोनवरची सगळी खरेदीची ॲप काढली आणि कार्डाचा नंबर कुठेही साठवून ठेवत नाही. नंबर शोधायला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं. तेवढ्या चालण्यात निम्म्या वस्तू गळून पडतात.

आणि नुसतं 'कमी घेईन' असं ठरवून काही होत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचं काम वाचल्यावर मी वाक्य बदललं: 'काही हवंसं वाटलं की ते वहीत तारीख घालून लिहीन आणि ३० दिवसांनी ते पान उघडीन.' कधी आणि काय करायचं हे जोडून ठरवलं की ते घडण्याची शक्यता चांगलीच वाढते, असं त्यांनी आणि शीरन यांनी ९४ अभ्यास एकत्र तपासून २००६ साली दाखवलं. माझ्या वहीत गेल्या वर्षभरात ५३ नोंदी झाल्या. त्यातल्या ६ वस्तू घेतल्या. ओंजळ, तुमच्या प्रश्नावर माझं उत्तर ही वही आहे. न घेतलेल्या ४७ वस्तू मला तिच्यात दिसतात. कधी कधी जुनी पानं चाळतो तेव्हा त्यातल्या काही मला का हव्या होत्या तेच आठवत नाही.

तिसऱ्यांदा घसरलो तेव्हा मनात होतं की इतके दिवस पाळलं, आता एकदा चालेल. चांगलं वागल्यावर मन अशी सवलत घेतं असं २०१० च्या एका प्रयोगात दिसलं होतं ना? हिरव्या वस्तू घेतलेल्या लोकांनी नंतर जास्त लबाडी केली, तो.

अनुस्वार

सांदीकोपरा, वहीची कल्पना मी उद्यापासून लोकांना सांगणार आहे.

त्या प्रयोगाबद्दल मात्र थोडं थांबा. २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी तो तीनदा करून पाहिला आणि हिरव्या खरेदीनंतर लबाडी वाढलेली आढळली नाही. 'पर्यावरणाची काळजी करणारे आतून ढोंगी असतात' असं त्या प्रयोगाच्या आधारे लोक सर्रास बोलतात, ते थांबायला हवं. तुम्ही स्वतःबद्दल जे सांगताय ते खरंच आहे, सवलत घ्यावीशी वाटणं मीही ओळखते. फक्त त्याला त्या प्रयोगाचा टेकू नको.

पाऊलखूण

मी महिन्यातून एकदा दुरुस्तीच्या बैठकीत बसतो. लोक बिघडलेल्या वस्तू आणतात, आम्ही चारपाच जण त्यांच्यासोबत बसून दुरुस्त करतो. पैसे घेत नाही. २००९ साली ॲम्स्टरडॅममध्ये मार्टिना पोस्टमा यांनी अशी पहिली बैठक भरवली, नंतर ती कल्पना बऱ्याच देशांत गेली. आमची अट एकच: वस्तू टाकून निघून जायचं नाही, शेजारी बसायचं आणि निदान स्क्रू तरी स्वतः काढायचे.

या अटीमुळे काय होतं ते मला सांगायचंय. माणूस येतो तेव्हा वस्तू हातभर लांब धरून येतो. बंद पडलेला पंखा, टोस्टर, मिक्सर. त्याच्या लेखी ती आधीच गेलेली असते. आम्ही झाकण उघडतो. आत धूळ, एक जळका फ्यूज किंवा बुडाशी तुटलेली वायर. आम्ही सोल्डरिंग गन त्याच्या हातात देतो, हात थरथरतो, टाका वेडावाकडा बसतो. बटण दाबलं आणि पातं फिरलं की चेहरा बदलतो. जाताना तीच वस्तू छातीशी धरलेली असते. हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

१९९० साली कानमन, नेच आणि थेलर यांनी साध्या मगांवर प्रयोग केला. ज्यांना मग दिला होता त्यांनी तो विकायला जी किंमत सांगितली ती, ज्यांच्याकडे नव्हता ते द्यायला तयार होते त्या किमतीच्या दुपटीच्या घरात होती. आपलं झालं की मोल वाढतं. आणि २०१२ साली नॉर्टन, मोशॉन आणि एरिअली यांनी दाखवलं की स्वतः जोडलेली वस्तू माणसाला जास्त मोलाची वाटते. माझा अनुभव असा की दुरुस्तीत या दोन्ही गोष्टी एकदम होतात. वस्तू दुसऱ्यांदा आपली होते.

म्हणून 'कमी घ्या' असं मी कुणाला सांगत नाही. ते वाक्य नसलेल्या वस्तूंबद्दल आहे. मी असलेल्या वस्तूबद्दल बोलतो. २०१७ च्या एका अहवालात होतं की १५ वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन साधारण दुप्पट झालं आणि एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा अंगावर चढायचा ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. माझ्या मते या दोन आकड्यांतला दुसरा आधी सांभाळावा. शर्ट जास्त वेळा घातला की नवा शर्ट घेण्याचा प्रश्न आपणच मागे सरकतो, त्यासाठी मनाशी झगडावं लागत नाही.

शून्यप्रहर, तुमचा मुद्दा मला दर बैठकीत भेटतो. अलीकडच्या कित्येक वस्तू चिकटवलेल्या असतात, उघडतच नाहीत. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन, टीव्ही अशा काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे १० पैकी गुण छापणं बंधनकारक केलं. घेतानाच तो आकडा डोळ्यांसमोर येऊ लागला. अशी सक्ती सगळीकडे यायला हवी, त्यासाठी भांडायला मी तुमच्याबरोबर आहे.

शून्यप्रहर

दोन दिवस विचार करत होतो. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही. पण शोधताना असं काही सापडलं जे माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जातं, ते न मांडणं अप्रामाणिकपणाचं होईल.

२०२४ साली १२५ देशांतल्या जवळजवळ १,३०,००० लोकांना विचारलेल्या प्रश्नांचे निकाल प्रसिद्ध झाले. हवामान बदलाशी लढण्यासाठी दर महिन्याच्या घरच्या उत्पन्नातला १ टक्का द्याल का? ६९ टक्के लोक हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या देशातले किती लोक हो म्हणतील? सरासरी अंदाज ४३ टक्के. म्हणजे माणसं इतरांना आहेत त्याहून बेफिकीर समजतात.

मी इतकी वर्षं 'एकट्याने काय होणार' म्हणतो, त्यात 'बाकी कुणाला पडलेली नाही' हे गृहीत होतं. ते गृहीतक चुकीचं असेल तर माझा निम्मा युक्तिवाद ढासळतो. आणि लोकांना असं का वाटतं याचं उत्तर मला ओंजळ यांच्या शीर्षकातच दिसतं. घेणारे दिसतात. न घेणारे दिसत नाहीत. त्यामुळे न घेणाऱ्या प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असं वाटत राहतं.

हॉटेलातल्या टॉवेलांचा २००८ चा प्रयोग बऱ्याच जणांनी वाचला असेल. 'पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा' या पाटीपेक्षा 'बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' या पाटीने जास्त फरक पडला, ३५ टक्क्यांवरून ४४. पुढच्या फेरीत 'याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे' असं लिहिलं तेव्हा प्रमाण ४९ टक्क्यांपर्यंत गेलं. त्या खोलीत आधी कोण राहिलं हे कुणाला माहीतही नव्हतं, तरी.

ओंजळ

शून्यप्रहर, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचून काल मी एक गोष्ट केली. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना सांगून टाकलं की अकरा महिने मी नवं काही घेतलेलं नाही. इतके दिवस हे बोलले नव्हते, कारण मिरवल्यासारखं वाटेल, आणि कुणी अपराधी वाटून घेईल याचीही भीती होती. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग समोर बसलेली, जिच्याशी माझं कामापुरतंच बोलणं होतं, ती म्हणाली की तिने दोन वर्षं कपडे घेतलेले नाहीत. आम्ही दोघी वर्षभर एकाच मेजावर जेवत होतो.

अनुस्वार, डेसी-रायन यांची तिसरी गोष्ट मला कमी पडत होती बहुतेक. पहिल्या दोन होत्या.

सांदीकोपरा, मी वही आणलेली नाही, घरात अर्धी कोरी असलेली एक सापडली. मागच्या अकरा महिन्यांतलं आठवेल तेवढं लिहून काढलं. तो कोट पहिल्या पानावर आहे.

भिंगरी

मी परत आलेय. दगडफूल, तुम्ही 'सरसकट सांगू नये' लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. मी नव्या वस्तू घेणं बंद करणार नाही, निदान आत्ता नाही. पण पाऊलखूण यांचं 'असलेल्या वस्तूबद्दल' डोक्यात राहिलंय. माझ्या हिवाळी कोटाची चेन मागून उघडते. रनर वर जातो, पण खालचे दात एकमेकांत अडकत नाहीत. कोट चांगला आहे, मी तो देऊन टाकणार होते. घरी होण्यासारखं आहे का?

पाऊलखूण

हो, नक्की होण्यासारखं आहे. दात शाबूत असतील तर दोष बहुधा रनरचा असतो, तो वापरून वापरून फाकतो. रनर अगदी खाली आणा. बारीक पक्कड घ्या. रनरची मागची कड, म्हणजे जिथून बंद झालेली चेन बाहेर पडते ती बाजू, आधी डावीकडून आणि मग उजवीकडून थोडी थोडी दाबा. एका दमात जोर लावू नका, तो ओतीव धातूचा असतो, तडकतो. दर दाबल्यानंतर चेन लावून बघा. लागायला लागली की थांबा. रनर जड चालला तर दातांवरून मेणबत्ती घासा. दोन्ही बाजू दाबूनही नाही लागली तर रनरच्या पाठीवर एक आकडा असतो, तो इथे लिहा. त्याच मापाचा रनर मिळतो, पूर्ण चेन बदलावी लागत नाही.